चौकटीवरच्या रेघा

एक तंबोरा. ओलं फडकं. दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या चार रेघा. नव्या बाईंचा लॅपटॉप.

गायकाच्या या घराचं संग्रहालय झालं तेव्हापासून मी राखणदार. चारही पुरांत तंबोरा मीच माळ्यावर नेला, पाणी चढलं तिथे रेघ मारली. हवामानबदलाचा आराखडा करायला ऋजुताबाई आल्या आणि साहेब त्यांनाच म्हणू लागले, "आता घर तुम्हीच वाचवायचं." मला फक्त, "हणमंता, चहा." माझा जीव जळायचा.

आज बैठकीत मी कप ठेवत होतो. बाई म्हणाल्या, "इथल्या पुराची दुसरी नोंद कुठेच नाही. हणमंतकाकांच्या रेघांवरच आराखडा उभा राहील. पहिल्या पानावर त्यांचंच नाव घालतेय. चला, रेघा मोजून घेऊ."

साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "दाखव रे, वाघा!"

चौकट मी सकाळीच पुसून काढली होती.