नव्या खांबातले ठोके

किल्ल्याखालचा दगडी पूल आम्ही सकाळपासून फोडत होतो. शेजारचा नवा पूल आमच्याच हातचा. त्याचे खांब महिन्यापूर्वी आम्ही ओतले होते. जुन्याच्या तीन कमानी नदीत कोसळल्या, चौथी मात्र हलेना. मी शिव्या घालत घण घालत होतो. तळहात सोलून निघाले होते, तरी थांबवत नव्हतं.

तिच्या खांबाला हात घालण्याआधी मी हातोडीनं तीन ठोके दिले. आमची रीतच आहे ती. दगड भरीव असला तर खणखणतो, पोकळ असला तर बद्द वाजतो.

खणखणला. आणि मागून तीन ठोके आले.

मागे नव्या पुलाचा खांब होता. जवळ चिटपाखरू नव्हतं.

माझ्या मेहुण्यानं खांबाला कान लावला. "दाजी, आतून येतंय."

"अक्कल गहाण ठेवलीस का? भरीव आहे तो!"

मी तिरीमिरीत त्यावर घण हाणला. तेवढ्याच ताकदीचा घाव आतून आला. खांबाला बोटभर चीर गेली आणि त्या चिरेतून माझाच आवाज आला, माझ्याच तोंडातल्या शिवीसकट.

"मुडद्या, बघत काय बसलास? ओतला त्या दिवसापासून मी इथं आहे. बाहेर उभाय तो मी नव्हे!"

मेहुण्यानं माझ्या हातातला घण हिसकावून घेतला. घाव घालायला पाय रोवले, दोन्ही हात डोक्यावर नेले.

खांबाकडे त्याची पाठ होती.