लाल वायरचा तुकडा

लेथच्या नव्या टरेटच्या वायरी कंट्रोल बोर्डाला जोडून फिटर उठला, तेव्हा त्याची पाठ धरली होती. हत्यारं बसवलेलं हे जाडजूड चक्र नीट फिरतं की नाही, ते मशीनचं दार उघडं ठेवूनच बघावं लागतं, आणि दार उघडलं की मशीन थांबतं. म्हणून चाचणीपुरता तो दाराच्या स्विचवर लाल वायरचा एक तुकडा जोडायचा. दार उघडं असलं तरी मशीनला ते बंदच वाटायचं. काम झालं की तुकडा काढून खिशात. धुण्याआधी खिसे चाचपताना बायको तो न चुकता काढून ठेवायची.

आज टरेट पहिल्याच फटक्यात फिरलं. खुशीत त्याने दार लावलं, तोवर दुसऱ्या पाळीचा कारागीर, म्हणजे त्याचा मेहुणाच, समोर आला.

"भावोजी, या नव्या धुडात हात घालायला जीव धजावत नाही हो."

"बहिणीसारखाच भित्रा तू. अरे, दार उघडलंस की हे जागचं हलणार नाही. खुशाल हात घाल."

"भित्री म्हणालात, हे ताईला सांगू का?"

दोघेही हसले. मेहुण्याने मशीन चालू केलं आणि फिटर घरी आला. हातपाय धुऊन तो चहा घेत होता, तेवढ्यात मोरीतून बायकोने विचारलं,



"अहो, सगळे खिसे उलटे करून बघितले. तुमची ती लाल वायर आज कुठे राहिली?"