पसंतीचा ठेकेदार

"खरं तेच सांगा, मावशी. तुम्ही कुणाची भीड ठेवत नाही, असं गल्लीत ऐकलं, म्हणून तर तुमच्या दारात आलो," असं म्हणत पाहुणी खुर्चीच्या कडेवर सरकून बसली. शेजारी तिचे वडील मांडीवर घराचा नकाशा धरून होते. उद्या सकाळी ते ठेकेदाराला काम देणार होते, आणि ठेकेदाराने नमुना म्हणून थोरल्या बाईंचं हेच घर सांगितलं होतं.

थोरल्या बाई कपाटाला पाठ लावून बसल्या होत्या. कपाटामागे भिंतीला कमरेइतकी ओल चढली होती. वरच्या खोलीच्या स्लॅबला बोट जाईल एवढी भेग गेली होती. घराला अजून दोन वर्षंही झाली नव्हती.

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण पडद्याआड, आतल्या खोलीत, त्यांचा मुलगा बसला होता. त्याने आधी आपल्या ओळखीचा इंजिनिअर आणला होता. स्लॅबवर ओली पोती टाकून तीन आठवडे पाणी मारावं लागेल, घाई चालणार नाही, असं तो म्हणाला. "स्लॅबला काय ताप आलाय, ओल्या पट्ट्या ठेवायला?" असं म्हणून बाईंनी त्याला वाटेला लावलं होतं. ठेकेदार मात्र हात जोडून उभा राहायचा. आईसाहेब, खिडकी कुठे घेऊ? आईसाहेब, जिना कुणीकडून फिरवू? उभ्या आयुष्यात बाईंना कुणी असलं काही विचारलं नव्हतं.

"सांगायचंय काय त्यात," बाई म्हणाल्या. "शब्दाचा पक्का आहे. म्हणाला त्या दिवशी किल्ल्या हातात ठेवल्या."

एवढं खरंच होतं.

"आणि काम?" वडिलांनी विचारलं. "माझं एक वेळ जाऊ द्या, माझे राहिलेत किती दिवस! पण माझ्यामागे हिला एकटीला राहायचंय त्या घरात."

बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात पडद्याआड खुर्ची करकरली.

"काम बघताय की डोळ्यांनी," त्या म्हणाल्या. "मी पसंत केलेला माणूस आहे तो."

"सुटलो!" पाहुणी हसली. "मला वाटलं, आता तुम्ही त्याची सालटी काढणार."

"काढण्यासारखं केलं असतं, तर सोडलं असतं होय मी?"

वडिलांनी नकाशाची गुंडाळी केली आणि दोघं उठली.

ती दोघं पायऱ्या उतरली तसा मुलगा बाहेर आला. आईकडे न बघता त्याने चपला सरकवल्या आणि तो त्यांच्या मागे धावला. बाई खिडकीशी गेल्या. कोपऱ्यावर त्याने दोघांना गाठलं. सांग, बाई मनातल्या मनात म्हणाल्या. सांग बाबा, आई धडधडीत खोटं बोलली म्हणून. भर रस्त्यात माझी अब्रू काढ, पण सांगून टाक.

वडिलांनी त्याचा हात दोन्ही हातांत घेतला, ते काहीतरी बोलले, आणि दोघं वळणाआड गेली.

मुलगा परत येऊन दारात उभा राहिला.

"सांगितलंस?"

"सांगायलाच गेलो होतो. पण तेच आधी म्हणाले, तुमच्या आईसारखं खरं बोलणारं माणूस हल्ली मिळत नाही." त्याने मान खाली घातली. "मग कुठल्या तोंडाने सांगू, आई?"

बाई तशाच अनवाणी खाली उतरल्या. वळणापर्यंत लगालगा गेल्या. तिथून दोन रस्ते फुटत होते आणि दोन्ही रिकामे होते. दारात आलेल्याला कुठले, कुणाचे, घरात कोण कोण, एवढं विचारल्याशिवाय पाण्याचा पेला पुढे न करणाऱ्या बाईंनी आज त्या दोघांचं नावसुद्धा विचारलं नव्हतं.