गोरी पिलं

“अजून पुढं सरक गो. गजाला टेक,” म्हणत ठमाबाईने सुनेची खुर्ची खिडकीला भिडवली. करिश्माला सातवा लागला होता. बाहेर बदामाच्या फांदीवर, हात घातला तर लागेल इतक्या जवळ, कावळ्याचं घरटं होतं. त्यात दोन पिलं. आई काळीकुट्ट आणि पिलांचे पंख पांढरे.

झालं, म्हातारीला साक्षात्कार झाला. पोटुशी बाई जे बघेल तसं मूल होतं, असं बाळकुममधली जुनी माणसं अजून सांगतात. आणि करिश्मा पडली काळी. पहिली मुलगी दिशा, तीही तिच्यावरच गेली. पोर चार वर्षांची झाली, पण आजीने तिला अजून मांडीवर घेतलेलं नाही. हाक मारते तीही ‘डांबर’ अशी. जमिनी विकून घरात इटालियन फरशी आली, दारात दोन गाड्या आल्या, डोकी मात्र होती तिथेच राहिली.

“कावलीला गोरी पोरं झाली, मंग तुला का नाय होनार?” असं म्हणून ठमाबाई सुनेला रोज सकाळपासून तिथे बसवायची. जेवणाचं ताटही तिथेच. एक पिलू मेलं तरी खुर्ची हलली नाही.

रुचिता पक्ष्यांचा अभ्यास करायची. घरामागच्या भंगाराच्या शेडपाशी तिला पांढऱ्या डागांच्या चिमण्या मरून पडलेल्या सापडल्या होत्या. असे डाग किरणोत्सारानेही पडतात, म्हणून पांढऱ्या पिलांचं ऐकून या घरी ती आली तीच रेडिएशनचा मीटर घेऊन. खिडकीत धरला मात्र, तो जो किरकिरायला लागला तो थांबेचना.

“यांना आधी इथून उठवा,” ती म्हणाली. मग तिने सांगितलं. कावळे घरट्याला भंगारातल्या तारा आणतात. त्यात कुठल्यातरी जुन्या मशीनचा किरणोत्सारी तुकडा आला. त्याने पिलांचा रंग गेला, डोळेही गेले. उरलेलं पिलूसुद्धा जगायचं नाही.

ठमाबाईने सुनेची खुर्ची ओढून खिडकीपासून लांब केली.

“वहिनी, आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलला चला,” रुचिता म्हणाली. “बाळालाही लागलं असेल. खोटं कशाला सांगू, काहीही होऊ शकतं.”

करिश्माने पोटावर हात ठेवला. दाराशी दिशा उभी होती. आत यावं की नाही, हे आजीच्या तोंडाकडे बघून ठरवत होती. करिश्मा लेकीकडे बघत राहिली. मग तिने हळूच विचारलं,

“पण ताई, गोरं तर होईल ना?”