नळीतली गोळी

“नळी सन बेचाळीसची आहे, मूठ मात्र नंतर बदललेली,” जुनं लष्करी पिस्तूल निरखत संग्रहालयातले कर्नल घोरपडे म्हणाले. सरोजिनी आणि तिचा धाकटा भाऊ दौलत वडिलांचं ते पिस्तूल तिथे द्यायला आले होते.

कर्नलांनी वरचा भाग मागे खेचला, तशी आतून एक गोळी टेबलावर पडली. तिच्या बुडाला खोलगट खूण होती. त्यांचा चेहराच उतरला.

“ही खूण आघाताची. कुणीतरी चाप ओढला होता. नशीब, गोळी उडाली नाही.”

“ही ताईच!” दौलत हसला. “लहानपणी चोर-पोलीस खेळताना माझ्या कपाळावर टेकवून...” त्याचा हात कपाळाकडे गेला.

सरोजिनीने दौलतचं मनगट घट्ट धरलं. घरी पोचेपर्यंत सोडलं नाही.