काही आवाज नाही

मिस्त्रींनी ब्रेक दाबला. गाडी गॅरेजच्या दारात थांबली आणि समोरच्या फळवाल्याने दोन्ही कानांवर हात ठेवले.

मिस्त्रींना काहीच ऐकू आलं नव्हतं.

"ऐकलंत ना?" शेजारी बसलेले मास्तर म्हणाले. गाडी त्यांचीच होती. "अंगावर काटा येतो हो!"

मिस्त्रींनी गाडी मागे घेतली, पुढे आणली, पुन्हा ब्रेक दाबला. वरच्या खिडकीतून एक बाई वैतागून डोकावली. मिस्त्रींच्या कानात नुसती शांतता.

चाक काढल्यावर डोळ्यांना दिसलं. पॅड झिजून संपले होते, पत्रा थेट डिस्कवर घासत होता. एरवी हे त्यांनी चाकाला हात न लावता सांगितलं असतं. गंजाचा आवाज चार ब्रेकांत जातो, धुळीचा खरखरतो, पॅड संपले की गाडी किंचाळते. लोक त्यांच्याकडे त्या कानांसाठीच तर यायचे.

पान्हा हातात तसाच राहिला. परवा ती नर्सबाई आली होती. हीच तक्रार घेऊन. त्यांनी एक चक्कर मारली आणि हसून म्हणाले, "काही आवाज नाही, बाई. उगाच मनाला लावून घेऊ नका. जा बिनधास्त." आज ती दोन्ही मुलींना घेऊन घाट उतरणार होती.

"त्या नर्सबाईंना फोन लाव," ते बायकोला म्हणाले. गॅरेजचा फोन तीच सांभाळायची.

"का हो? काय झालं?"

"लाव आधी!"

तिने लावला. त्यांनी तो ओढूनच घेतला. पलीकडे कुणा पुरुषाचा आवाज, मागे माणसांचा गलका. शब्द सगळे एकमेकांना चिकटलेले. "बाई कुठे आहेत?" त्यांनी तीनदा विचारलं. तीनदाही उत्तर कळलं नाही. मग फोन बायकोच्या हातात दिला.

ती ऐकत राहिली. एकदा "हो, गॅरेजमधूनच" म्हणाली. मग, बऱ्याच वेळाने, "दोघीही?"

तिने फोन खाली ठेवला. तिचे ओठ हलत होते.

"जरा मोठ्याने बोल ना," मिस्त्री म्हणाले. "मला ऐकू येत नाही गं."

ती काही बोलतच नव्हती.