प्रिझम बंद

"बाबा, आपल्या दुकानातला चष्मा घातला की लोकांचं डोकं का दुखतं?"

चष्म्याच्या दुकानदाराच्या लेकीने विचारलं एकदाचं. विचारून दाखव म्हणून मैत्रिणींनी पैजच लावली होती. त्यातल्या दोघी बाहेर पायरीवर कान टवकारून बसल्या होत्या. तिसरी टिल्लू काउंटरपाशी कपाळ चोळत उभी होती. नवा चष्मा आल्यापासून तिचं डोकं ठणकत होतं.

"सवय नाही अजून. होईल," बाबा म्हणाले. त्यांनी टिल्लूचा चष्मा नंबर मोजायच्या मशीनच्या नळीवर ठेवला, बटण दाबलं आणि पडदा तिच्याकडे वळवला. "बघ बाळा, कागदावर आहे तोच नंबर. मशीन काय खोटं बोलतंय? मोबाइल जरा कमी बघत जा."

टिल्लू मुकाट्याने चष्मा उचलायला लागली. ते बघून लेकीच्या डोक्यात तिडीक गेली. हे मशीन सुट्टीत बाबांनीच तिला शिकवलं होतं. भिंगाचा मध्य बरोबर बुबुळासमोर हवा. तो सरकला, तर डोळ्यांवर ताण येऊन डोकं दुखतं, आणि किती सरकला ते पडद्यावर प्रिझमचा आकडा सांगतो. आज त्या जागी काहीच नव्हतं.

"घाल चष्मा. समोर बघ, हलू नकोस." तिने टिल्लूच्या बुबुळांसमोर काचांवर पेनाने ठिपके काढले आणि बाबा काही बोलायच्या आत सेटिंग उघडलं.

प्रिझम: बंद.

तिने ते चालू केलं. ठिपका नळीवर टेकवला. शून्य यायला हवं होतं तिथे दीड आलं. दुसऱ्या काचेला त्याहून जास्त.

"बंद कर ते," बाबा म्हणाले.

"तुम्हीच बंद केलंत ना?"

"गिऱ्हाइकापुढे आकडे नाचले की ते शंभर शंका काढतं. नंबर बरोबर आहे, बास."

फ्रेमा पुसता पुसता आई म्हणाली, "आत जा तू. अगाऊपणा पुरे झाला. सगळेच बंद ठेवतात."

ती आत गेली नाही. पेन टिल्लूच्या हातात देत म्हणाली, "आता माझ्या काचांवर ठिपके काढ."

टिल्लूने ठिपके काढल्यावर तिने स्वतःचा चष्मा मशीनवर ठेवला. चष्म्याशिवाय तिला हातभर अंतरावरचंही दिसत नसे. पडद्याला नाक टेकवूनच तिने आकडा वाचला. शून्य. काच बदलली. शून्य.

तिची कानशिलं तापली.

"माझा कसा बरोबर आला?"

बाबा काउंटर पुसायला लागले.

"माझ्या वेळी प्रिझम चालू केलं होतंत?"

"तू माझी मुलगी आहेस," बाबा म्हणाले. हे असं म्हणाले, जणू शाबासकीच मिळणार होती.

टिल्लूने खाली बघितलं.

"घाल तो चष्मा आणि घरी चल," आई म्हणाली. "परवा परीक्षा आहे."

तिने आई-बाबांकडे वळून बघितलं. दोघांच्या चेहऱ्यांच्या जागी दोन धुरकट डाग होते, कुठला रागावलाय आणि कुठला ओशाळलाय ते कळत नव्हतं. बरंच झालं.

"हिला बरोबर चष्मा करून देईपर्यंत मी माझा घालणार नाही," ती म्हणाली. "परीक्षेलासुद्धा नाही."